मिक्सरमधली कोल्ड कॉफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की हे प्रश्न यायला लागतात ते थेट पावसाळ्यापर्यंत. उत्तरं देताना घरातला नेहमीचा मिक्सर, पिशवीतलं दूध आणि इन्स्टंट कॉफी गृहीत धरली आहे. वेगळं काही लागलं तर तिथे तसं सांगितलंय. ‘चमचा’ म्हणजे सपाट भरलेला ५ मिलीचा चहाचा चमचा, ‘मोठा चमचा’ म्हणजे १५ मिली. बर्फ शक्यतो वजनावर घ्या, कारण प्रत्येक ट्रेचा खडा निराळा असतो. साध्या प्लॅस्टिकच्या ट्रेमधला खडा बहुधा १५ ते २० ग्रॅमचा भरतो.

१. एका मोठ्या ग्लासचं खात्रीचं प्रमाण सांगा. पहिल्यांदाच करतोय.

साधारण ३५० मिलीच्या ग्लाससाठी: इन्स्टंट कॉफी २ चमचे (३ ते ४ ग्रॅम), साखर ३ चमचे, कोमट पाणी २ मोठे चमचे, फ्रिजमधलं थंडगार दूध १२० मिली, बर्फ १२० ग्रॅम म्हणजे ७-८ खडे.

कॉफी आणि साखर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि ते मिश्रण १० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मिक्सरच्या भांड्यात आधी हे मिश्रण आणि दूध, मग बर्फ. झाकण दाबून बटण उलटं फिरवून ५-६ छोटे झटके द्या. बर्फाचा खडखडाट थांबून आवाज एकसारखा झाला की मधल्या वेगावर १५ ते २० सेकंद फिरवा आणि लगेच ओता.

सगळी मेख एकाच गोष्टीत आहे. जे विरघळवायचं ते आधी विरघळलेलं हवं, जे गार हवं ते आधी गार झालेलं हवं. मिक्सरकडे बर्फ फोडणं आणि हवा भरणं एवढंच काम ठेवायचं. खालच्या बहुतेक तक्रारी यातलं काहीतरी मिक्सरवर सोपवल्यामुळे येतात.

२. कोल्ड कॉफी, फ्रापे आणि फ्रॅपुचिनो यात फरक काय? मेनूत तिन्ही दिसतात.

फ्रापे मूळचा ग्रीसचा. १९५७ साली थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय मेळ्यात इन्स्टंट कॉफी, पाणी आणि बर्फ शेकरमध्ये हलवून तो पहिल्यांदा केला गेला असं सांगतात. त्यात मिक्सर नाही, दूधही ऐच्छिक. जाड फेस हीच त्याची ओळख. फ्रॅपुचिनो हे नाव अमेरिकेत बॉस्टनच्या ‘कॉफी कनेक्शन’चं. ती दुकानं १९९४ मध्ये स्टारबक्सने घेतली आणि १९९५ पासून बर्फासकट फिरवलेलं ते पेय आपल्या दुकानांत आणलं. हे नाव नोंदणीकृत आहे, त्यामुळे इतर कॅफे ‘फ्रापे’ लिहून बहुतेक वेळा मिक्सरमधलीच कॉफी देतात.

आपल्याकडची कोल्ड कॉफी या दोन्हींपेक्षा दुधाळ आणि गोड. पुण्यात कोथरूडच्या दुर्गा कॅफेची कॉफी प्यायलेल्यांना ती चव वेगळी सांगायला नको. इथली प्रमाणं त्याच वळणाची आहेत.

३. दूध कोणतं घ्यावं? फुल क्रीम घेतलं तर फेसच येत नाही.

फेस दुधातल्या प्रथिनांमुळे येतो आणि स्निग्धांश तो मोडतो. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, डबल टोन्डमध्ये १.५ आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के. म्हणून टोन्ड दुधाला फेस उंच येतो, पण चव हलकी लागते. फुल क्रीमला फेस बेताचा, पण कॉफी जिभेवर भरीव लागते. दोन्ही हवं असेल तर टोन्ड दुधात १ मोठा चमचा दूध पावडर घाला. प्रथिनं वाढतात, स्निग्धांश फारसा वाढत नाही. पावडरही कोमट पाण्यातच कालवून घ्या, थंड दुधात तिच्या गुठळ्या राहतात.

सुट्टं दूध उकळून, पूर्ण गार करून आणि गाळूनच वापरा. गाळणं का महत्त्वाचं ते प्रश्न ८ मध्ये.

४. घरच्या मिक्सरमध्ये बर्फ फिरवला तर पाती जातात का?

पात्यांना सहसा काही होत नाही. जातो तो कपलर, म्हणजे भांडं आणि मोटर यांना जोडणारा दातेरी तुकडा. सुरू होतानाच पातं मोठ्या खड्यात अडकलं तर मोटर फिरू पाहते, पातं हलत नाही आणि कपलरचे दात झिजतात किंवा तुटतात. ते टाळायला:

बर्फ कधीच कोरडा फिरवू नका. निम्मा तरी द्रवात बुडलेला हवा. ५०० वॅटचा मिक्सर असेल तर खडे आधी स्वच्छ पंचात गुंडाळून लाटण्याने किंवा बत्त्याने फोडा, हरभऱ्याएवढे झाले की पुरे. ७५० वॅटला ट्रेचे लहान खडे अख्खे चालतात, पण सुरुवात झटक्यांनीच करा. वाटीत गोठवलेला मोठा गोळा कुठल्याच मिक्सरमध्ये टाकू नका.

भांडं कोणतं, हाही प्रश्न नेहमी येतो. एका ग्लासला मधलं भांडं, दोन ग्लासना मोठं. मोठ्या भांड्यात एकच ग्लास केला तर द्रव भिंतींवर उडतो आणि पातं हवेत फिरतं. चटणीच्या भांड्यात बर्फाला हलायला जागाच नसते. कोणतंही भांडं निम्म्याच्या वर भरू नका, फेस धरून ते काठोकाठ येतं. मिक्सरच्या माहितीपत्रकात बर्फाला मनाई केली असेल तर प्रश्न २० मधली पद्धत वापरा.

५. फिरवता फिरवता मिक्सर बंदच पडला. जळाला का?

जळका वास आला नसेल तर बहुधा नाही. मिक्सरच्या तळाशी एक छोटं, बहुतेक वेळा लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं आणि वीज तुटते. प्लग काढा, भांडं उतरवा, १०-१५ मिनिटं थांबा, मग बटण आत दाबा. पुन्हा सुरू करताना बर्फ निम्मा करा. दुसऱ्यांदाही बंद पडला तर त्या दिवशी नाद सोडा आणि बर्फ हाताने फोडा.

६. कॉफी पातळ आणि पाणचट होते. बर्फ वाढवला की आणखी पाणचट.

कारण बर्फ फुटण्याऐवजी वितळतोय. हिशोब करून बघा. ३० अंशांचं १२० मिली दूध शून्यावर यायला सुमारे ४० ग्रॅम बर्फ खातं. तेच दूध फ्रिजमधून ५ अंशांवर आलं तर ७ ग्रॅममध्ये भागतं. ७० अंशांचं ३० मिली कॉफीचं पाणी तसंच ओतलं तर त्यात आणखी २५ ग्रॅम जातो. म्हणजे १२० ग्रॅममधला निम्म्याहून जास्त बर्फ पहिल्या काही सेकंदांतच पाणी झाला. राहिलेल्या बर्फात कॉफी दाट कशी होणार?

म्हणून दूध फ्रिजमधलं आणि कॉफीचं मिश्रण गार करून घ्या. जमलं तर मिक्सरचं भांडंही १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ ट्रेमधून काढल्याबरोबर वापरा. पाणी सुटून चकचकीत दिसणारा बर्फ अर्धा कामातून गेलेला असतो. आणि जास्त वेळ फिरवू नका. पात्याच्या घर्षणाने मिश्रण तापतं आणि मिनिटभरात दाट कॉफी पुन्हा पातळ होते.

एवढं करूनही पातळ वाटली तर साधा बर्फ बदला. ८० ग्रॅम दुधाचा बर्फ आणि ४० ग्रॅम पाण्याचा, हे आमचं आवडतं प्रमाण. दुधाचा खडा पाण्याच्या खड्यापेक्षा मऊ असतो, मिक्सरवर ताण कमी येतो आणि वितळला तरी दूधच होतो. कॉफीचा बर्फही चालतो. मात्र त्यात साखर घालून गोठवू नका, साखरेमुळे तो नीट घट्ट होत नाही.

७. ओतल्यावर पाच मिनिटांत वर फेस, खाली पाणी. कॅफेत असं होत नाही.

कॅफेत बहुधा तयार बेस वापरतात आणि त्यात गम, म्हणजे खाण्याचा डिंक, असतो. तो पाणी, बर्फाचे कण आणि हवा एकत्र धरून ठेवतो. घरी धरून ठेवणारं काही नसेल तर बर्फ हलका म्हणून वर जातो आणि पाणी खाली उतरतं. उपाय सोप्यापासून सांगतो.

दूध पावडर १ मोठा चमचा: फरक दिसतो आणि चव बिघडत नाही. आइस्क्रीमचा एक गोळा: त्यातला गम आयताच मिळतो, पण आधी प्रश्न १२ वाचा. कॉर्नफ्लोअर: १ चमचा पीठ १२० मिली दुधात आधी थंडच कालवा, मग सतत ढवळत उकळी येऊ द्या, मिनिटभर शिजवा आणि पूर्ण गार करून साध्या दुधाऐवजी वापरा. कच्चं कॉर्नफ्लोअर तसंच घातलं तर दाटपणा येत नाही, फक्त पिठूळ चव येते.

झँथन गम मिळत असेल तर सगळ्यांत खात्रीचा. एका ग्लासला चमच्याचा आठवा भाग, साधारण ०.३ ग्रॅम. तो साखरेत कोरडाच मिसळून मग घाला, नाहीतर बुळबुळीत गोळे होतात. प्रमाण दुप्पट झालं की कॉफी तारेसारखी लोंबते. म्हणून पहिल्यांदा कमीच घ्या.

८. कॉफीवर पिवळट कण तरंगतात आणि टाळूला तूपकट लागतं. दूध नासलं का?

नासलं नाही, लोणी निघालं. घरी तूप कढवण्यासाठी साय मिक्सरमध्ये गार पाणी घालून फिरवतात, अगदी तेच इथे झालं. दुधात साय असेल, किंवा ‘क्रीमी’ व्हावी म्हणून वरून साय घातली असेल, तर थंड मिश्रणात स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून लोणी होतं. फुल क्रीम दूध बराच वेळ फिरवल्यावरही थोडं होऊ शकतं.

दूध बारीक गाळणीतून गाळून घ्या आणि फिरवणं ३० सेकंदांच्या आत संपवा. पिशवीवर ‘होमोजनाइज्ड’ असेल तर हा त्रास जवळजवळ होत नाही, कारण त्यातला स्निग्धांश आधीच बारीक फोडलेला असतो. दाटपणासाठी फ्रेश क्रीम हवंच असेल तर मिक्सर थांबवून शेवटी चमच्याने मिसळा. लोणी निघालेली कॉफी गाळून पिता येते, फेकू नका.

९. दुधात कॉफी टाकून फिरवली तर तपकिरी ठिपके राहतात.

थंड दुधात पावडरीच्या कणाला बाहेरून ओल लागते, त्याचं चिकट आवरण होतं आणि आतला भाग कोरडाच राहतो. मिक्सर ते गोळे फोडत नाही, इकडे तिकडे फिरवतो. कोमट पाण्यात २० सेकंदांत होणारं काम थंड दुधात पाच मिनिटांतही होत नाही. पाणी उकळतं नको, बोटाला सोसेल इतपत गरम पुरे.

१०. तीन चमचे साखर घालूनही गोड लागत नाही, आणि तळाशी साखर सापडते.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळाशी साखर राहिली म्हणजे ती विरघळली नव्हती. थंड पाण्यात साखर भरपूर विरघळते, पण फार हळू, आणि मिक्सर तेवढा वेळ देत नाही. दुसरं म्हणजे थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून कॉफीचं मिश्रण बर्फाआधी चाखलं तर ते जरा जास्तच गोड लागायला हवं. तिथे बरोबर लागलं तर ग्लासात कमी पडेल.

रोज करणाऱ्यांनी पाक करून ठेवावा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार काढायची नाही. गार करून बाटलीत भरला की फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. एका ग्लासला दीड मोठा चमचा लागतो. कंडेन्स्ड मिल्क वापरत असाल तर २ मोठे चमचे घ्या आणि साखर पूर्ण बंद करा.

११. कोणती कॉफी घ्यायची? कधी जास्तच कडू होते, कधी जळक्या गुळासारखी लागते.

डब्याच्या मागे बघा. कॉफीत चिकोरी (एका झाडाच्या मुळाची पूड) असेल तर किती टक्के, हे वेष्टनावर छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि कॉफीचा वाटा निदान ५१ टक्के असावा लागतो. चिकोरीची कॉफी गडद, दाट आणि किंचित कॅरमलसारखी लागते. दुधात तिचा रंग छान येतो, पण २ चमच्यांच्या वर गेली की तो जळका स्वाद पुढे येतो. शुद्ध कॉफीचा गंध चांगला राहतो, मात्र बर्फात ती जरा फिकी पडते, म्हणून अडीच चमचे घ्या.

कडूपणा वाढला तर आणखी साखर घालण्याआधी अर्धी चिमूट मीठ घालून बघा. ती कडवटपणा झाकते आणि मीठ म्हणून जाणवत नाही.

१२. आइस्क्रीम घालायचं तर किती आणि कोणतं?

व्हॅनिलाचा एक गोळा, साधारण ५० ते ६० ग्रॅम. त्यासाठी बर्फ ४० ग्रॅमने आणि साखर एक चमच्याने कमी करा. दूध तेवढंच. गोळे वाढवत गेलात तर तो मिल्कशेक होतो आणि कॉफी नावालाच उरते.

डबा घेताना ‘आइस्क्रीम’ आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’ ते वाचा. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल असतं. दाटपणा त्यानेही येतो, पण गार कॉफीत त्याचा मेणचट थर टाळूला लागतो. निम्मा गोळा बर्फाबरोबर फिरवा आणि निम्मा वरून तरंगत सोडा.

१३. फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनची कोल्ड कॉफी होते का?

होते, आणि इन्स्टंटपेक्षा चांगली होते. माटुंग्याच्या दुकानांतून ताजी दळलेली पूड आणणाऱ्यांनी हीच करावी. फिल्टरमध्ये ३ मोठे चमचे पूड (सुमारे १८ ग्रॅम) हलकी दाबून १२० मिली उकळतं पाणी ओता. भिजलेली पूड स्वतःच्या दुप्पट वजनाचं पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ८०-८५ मिलीच डिकॉक्शन उतरतं. एका ग्लासला ५० ते ६० मिली घ्या, दूध १०० मिलीवर आणा आणि निम्मा बर्फ दुधाचा वापरा. एवढा द्रव वाढला की साधा बर्फ कॉफी मारून टाकतो. साखर डिकॉक्शन गरम असतानाच विरघळवा.

डिकॉक्शन पाझरायला वेळ लागतो, तेव्हा रात्रीच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवसानंतर त्याचा गंध उतरतो.

१४. कोल्ड ब्रू वापरता येईल का?

येईल. १०० ग्रॅम जाडसर दळलेली, चिकोरी नसलेली कॉफी ८०० मिली पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये १४ ते १६ तास ठेवा आणि दुहेरी मलमलच्या कापडातून गाळा. पिळू नका, पिळलं की गाळ उतरतो. एका ग्लासला ९० मिली ब्रू, ९० मिली दूध, दीड मोठा चमचा पाक, आणि बर्फ प्रश्न ६ प्रमाणे दुधाचा. चव मवाळ येते. ज्यांना कॉफीचा कडकपणा आवडतो त्यांना ही अळणी वाटेल.

१५. चॉकलेट घालून करताना तळाशी चिखल होतो.

कोको पूड थंड द्रवात भिजतच नाही. दीड चमचा कोको, साखर आणि कॉफी एकत्र करून कोमट पाण्याने आधी गुळगुळीत लेप करा, मग बाकीचं. चॉकलेटचे तुकडे थंडीत घट्ट होऊन दाताखाली येतात, तेही आधी वितळवूनच. ग्लासच्या आतून सिरपच्या रेघा टिकायला हव्या असतील तर रिकामा ग्लास १० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मग रेघा ओढा.

१६. जायफळ चालतं का? गरम कॉफीत आम्ही नेहमी घालतो.

चालतं काय, शोभतं. पण वरून भुरभुरवलं तर नुसता भुसा तोंडात येतो. जायफळाचा गंध त्याच्या तेलात असतो आणि थंडीत तो उमलत नाही. कॉफी आणि साखर विरघळवतो त्याच कोमट पाण्यात किसणीवर जायफळाचे दोन-तीन हलके फेर द्या आणि मिश्रण ५ मिनिटं झाकून ठेवा. वेलचीलाही हाच नियम. एका ग्लासला अर्ध्या वेलचीची पूड पुरते. दोन्ही एकदम घालू नका, मग ती मसाला दुधासारखी लागते.

१७. गूळ घातला तर दूध फाटेल का?

चहात फाटतं कारण तिथे दूध उकळत असतं. थंड दुधात सहसा फाटत नाही. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या (बारीक कचरा असतोच), पूर्ण गार करा आणि मग दुधात घाला. ३ चमचे साखरेऐवजी २० ग्रॅम गूळ. चिकोरीच्या कॉफीशी याचं चांगलं जमतं.

१८. दूध चालत नाही. सोया, ओट किंवा नारळाचं दूध वापरलं तर?

ओटचं दूध सगळ्यांत सोपं. दाटपणा आपसूक येतो आणि ते स्वतः किंचित गोड असल्याने साखर थोडी कमी लागते. सोया दुधाला फेस चांगला येतो, पण गरम कॉफीत ते फुटू शकतं, म्हणून कॉफीचं मिश्रण गार झाल्याशिवाय मिसळू नका. बदामाचं दूध पातळ असतं, त्याचा निम्मा भाग बर्फ करून वापरा.

कोकणात आणि गोव्यात नारळाचं दूध हाताशी असतं, आणि चव सुरेख लागते, पण त्यात एक फसगत आहे. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. पहिलं घट्ट दूध बर्फाबरोबर फिरवलं की त्यातल्या तेलाचे मेणासारखे कण होतात. दुसऱ्या वाटणाचं पातळ दूध घ्या, कापडातून गाळा आणि बर्फाबरोबर १५ सेकंदांहून जास्त फिरवू नका.

१९. कॉफीला लसणीचा वास येतो. भांडं तर रोज घासतो.

वास भांड्यात नसतो, झाकणाच्या रबरी वॉशरमध्ये असतो. वॉशर काढा, खाण्याचा सोडा आणि पाण्याच्या लेपात अर्धा तास ठेवा, धुऊन उन्हात वाळवा. भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, पात्याखालचा वास त्याने निघतो. तरीही राहिला तर नवीन वॉशर स्वस्तात मिळतो, तो कॉफीसाठी वेगळा ठेवा.

सगळं करूनही वास येत असेल तर बर्फ हुंगून बघा. उघड्या ट्रेमधला बर्फ फ्रीजरमधल्या मासळीचा, चिरलेल्या कांद्याचा वास सहज धरतो. ट्रे झाकून ठेवा आणि दोन आठवड्यांहून जुना बर्फ टाकून द्या.

२०. मिक्सरशिवाय होईल का? हॉस्टेलवर राहतो.

होईल, दोन प्रकारे. पहिला ग्रीक फ्रापेचा: २ चमचे इन्स्टंट कॉफी, ३ चमचे साखर, ३ मोठे चमचे थंड पाणी आणि दोन खडे घट्ट झाकणाच्या बरणीत घालून ४० सेकंद जोरात हलवा. जाड फेस येतो. तो ग्लासात ओता, वर थंड दूध आणि फोडलेला बर्फ. इथे थंड पाणी चालतं कारण हलवणं बराच वेळ आणि थोड्या पाण्यात होतं. बरणीऐवजी ताकाची रवी आणि उभं भांडंही चालतं.

दुसरा बर्फाळ प्रकार: प्रश्न १ मधलं मिश्रण आणि दूध एकत्र करून पसरट स्टीलच्या थाळीत फ्रीजरला लावा. दर ४० मिनिटांनी काट्याने खरवडा. साधारण अडीच-तीन तासांत भुसभुशीत होतं. ग्लासात भरून वर दोन घोट थंड दूध ओता.

२१. बारा पाहुणे येणार आहेत. दर वेळी मोजत बसू का?

आदल्या दिवशी अर्क करून ठेवा. १० ग्लाससाठी ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, १५० ग्रॅम साखर, २०० मिली गरम पाणी. हे सुमारे ३०० मिलीच्या थोडं वर भरतं, म्हणजे ग्लासला २ मोठे चमचे. बारांसाठी सगळं सव्वापट करा, थोडं उरेल. स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये ५ दिवस टिकतो.

बर्फ मात्र दीड किलोच्या आसपास लागतो आणि घरच्या फ्रीजरमध्ये एकदम एवढा होत नाही. दोन दिवस आधीपासून ट्रे रिकामे करून पिशवीत साठवा. फिरवताना दोन-दोन ग्लासच करा आणि दर तीन खेपांनंतर मिक्सरला ५ मिनिटं विसावा द्या.

२२. उरलेली कॉफी ठेवता येते का?

फ्रिजमध्ये एक दिवस. दाटपणा राहणार नाही. त्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि दुसऱ्या दिवशी तेच खडे थोड्या दुधाबरोबर फिरवा, नवीन बर्फ नको. कोल्ड कॉफी दुधाचा पदार्थ आहे, हे विसरू नका. उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेली टाकून द्या.

२३. उपासाला चालते का?

ज्या घरात उपासाला चहा-कॉफी चालते तिथे दूध, साखर, कॉफी आणि बर्फ यांना अडचण नाही. तपासायचं ते बाकीचं. कॉर्नफ्लोअर आणि कस्टर्ड पावडर मक्याची, म्हणजे धान्य. ओटचं दूधही धान्याचंच. आइस्क्रीमच्या घटकांतही स्टार्च असू शकतो. दाटपणा दूध पावडरीने किंवा दुधाच्या बर्फाने आणा. चिकोरी हे एका झाडाचं मूळ आहे. ते चालतं की नाही, हे घरातल्या मोठ्यांना विचारा.

२४. मुलांना आणि गरोदर बाईला द्यावी का?

प्रश्न १ मधल्या ग्लासात शुद्ध इन्स्टंट कॉफी असेल तर साधारण १०० मिलिग्रॅम कॅफीन जातं. चिकोरी असेल तर त्या प्रमाणात कमी. गरोदरपणी दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, असं युरोपातली अन्नसुरक्षा संस्था सांगते आणि त्यात चहाही धरायचा असतो. म्हणजे दिवसभर दोन-तीन कप चहा होत असेल तर अर्धा ग्लासच बरा. आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. लहान मुलांसाठी त्याच पद्धतीने कोको आणि दूध फिरवा. कोकोतही कॅफीन असतं, पण अगदी थोडं.

२५. पावसाळ्यात कॉफीचा दगड झाला. वापरू का?

बुरशी किंवा कुबट वास नसेल तर वापरा. काट्याने फोडून गरम पाण्यात विरघळवा. चमच्याने मोजता येत नाही, म्हणून वजनावर घ्या. चिकोरीची कॉफी ओल लवकर धरते. पुढच्या वेळी लहान पाकीट आणा, कोरडाच चमचा घाला आणि वाफ येणाऱ्या गॅसपासून डबा लांब ठेवा.

२६. भांड्याखाली काळपट पाणी गळतं. कॉफीत काही गेलं असेल का?

पात्याच्या दांड्याभोवतीचं सील झिजलं की द्रव खाली झिरपतो आणि आतली झीज, वंगण घेऊन बाहेर येतो. जिथून बाहेर येतो तिथून आतही जाऊ शकतो. सील बदलेपर्यंत त्या भांड्यात काहीच फिरवू नका, वाटणसुद्धा नाही. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे बुश आणि सील बदलून मिळतं, नवं भांडं घ्यावं लागत नाही. गळलेलं पाणी मोटरवर गेलं असेल तर प्लग काढून मिक्सर पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

२७. फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून बाहेरून बर्फाची पिशवी आणली. तीच फिरवू का?

पिशवीवर खाण्यायोग्य असं छापलेलं असेल तरच. मासळी आणि पेट्या गार ठेवायला विकला जाणारा लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, आणि गोठल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत. तो बाटल्या गार करायला बाहेरून वापरा, ग्लासात नको. बर्फ कमी पडत असेल तर दूध लहान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पातळ पसरून गोठवा. सपाट पिशव्या फ्रीजरच्या कडेला उभ्या मावतात, आणि बाहेर काढल्यावर पिशवीवरूनच लाटण्याने दोन ठोके दिले की तुकडे होतात.